एका बोटाची जागा

वेलर घोडी राजापुरात उतरली तेव्हा अठरा होती,
अंबा घाट चढून कोल्हापुरात सतरा पोचली.
सोबत एक गोरा. टोपी नाही, बूट नाही,
उजवा पाय जरा फरफटत टाकणारा.
टोबिन त्याचं नाव.
दोन दिवसांत पागेनं त्याचं ‘तोबा’ केलं.

माझे खापरपणजोबा, अमीनसाब नालबंद,
त्यांनी त्याला ओळखलं हातांवरून.
“गोरा हाय, पर हात आपलं हाइत.”
मनगटावर तसंच ठिणग्यांचं गोंदण,
घण उचलायच्या आधी तसाच सोडलेला श्वास.

घोडी हरभऱ्याला तोंड लावीनात.
तोबानं गुळाचा खडा मागितला,
आधी स्वतः चाटला, मग तळहात पुढं केला.
रंकाळ्यात घोडी धुताना तो सदरा काढत नसे.
एकदा काढला.
काठावरचे मोतद्दार बोलता बोलता थांबले.
नांगरून ठेवलेलं, पेरायचं राहून गेलेलं
रान होतं ते, पाठ नव्हती.
“किती?” अमीनसाबांनी बोटांनी विचारलं.
त्यानं दोन्ही पंजे उघडले, मिटले, पुन्हा उघडले,
मग मोजणं सोडून घोडीवर पाणी उडवलं.

मोडक्या हिंदुस्थानीत त्यानं सांगितलं ते असं:
एक चादर. ओली, दोरीवर वाळत घातलेली.
तिच्यापायी सात वर्षं, समुद्रापलीकडं.
तिथली झाडं पानं गाळत नाहीत, साल गाळतात.
थंडीच्या महिन्यांत तिथं डोकं फुटेल असं ऊन.
बाकीचे खडी फोडायचे, रस्त्याचा रूळ ओढायचे,
ह्याला लोहारकाम येतं म्हणून भट्टीवर बसवलं.
जहाजातून उतरेल त्याच्या पायात
बेडी ठोकायची, हे काम.
एकदा एक पोरगं आलं, कडं घोट्यातून गळून पडे,
म्हणून लहान साचा करावा लागला.
“साचा मी केला,”
एवढं तो दोनदा म्हणाला.
पुढं कुणाचं तरी कडं मुद्दाम ढिलं ठेवलं,
तो माणूस रात्रीत रानात पळाला
आणि तिसऱ्या दिवशी भुकेनं आपणहून परत आला.
फटके दोघांनाही.

त्याच पावसाळ्यानंतर तुरुंगाचा हुकूम आला नालबंदांकडं:
चाळीस बेड्या, पंधरा दिवसांत.
कुठल्या गावची माणसं, ते हुकमात नव्हतं.
“आम्ही नाल ठोकनारी मानसं, साहेब.”
कारकून म्हणाला, “लोखंड तेच की.”
लोखंड तेच.

त्या रात्री तोबा भट्टीपाशी आला.
घणाला शिवला नाही.
उजवा पाय ऐरणीवर ठेवला,
घोट्याभोवती जुनं काळं वळं,
आणि म्हणाला, “ह्याच्यावर माप घे.”
विझवलेलं कडं आणि हाड यांच्यामध्ये
त्यानं आपली तर्जनी सरकवली.
“इतकं. जास्त ठेवलंस तर तुझी पाठ जाईल.
कमी ठेवलंस तर त्याचा पाय.”
चाळीस बेड्या.
चाळीस वेळा तो पाय, ते बोट.
पहाटे पाय उचलेना,
तेव्हा अमीनसाबांनी तो दोन्ही हातांनी खाली ठेवला,
घोड्याचा ठेवतात तसा.

पुढच्या सालच्या पटकीत तोबा गेला.
कुठं पुरला, यावर आमच्यात अजून वाद आहे.
थोरले चुलते म्हणतात, आपल्याच कब्रस्तानात, कडेला,
त्याला खांदा द्यायला दुसरं होतं कोण?
तिथं एक दगड आहे. कुणाचाही असू शकतो.

घोडी आता राहिली नाहीत.
मी उद्यमनगरात ग्रील आणि गेट करतो.
कडी-कोयंड्यात फट सोडताना बोट घालून बघतो.
गिऱ्हाईक विचारतं, “टेप नाही काय?”
टेप आहे.

मागच्या महिन्यात तुरुंगाच्या खिडक्यांचं टेंडर निघालं,
गज किती जाड, मध्ये अंतर किती, सगळं छापलेलं.
मी ते भरलं नाही, असं सांगायला आवडलं असतं.
भरलं.
दर जास्त पडला, मिळालं नाही.